मोठ्या सिस्टरांच्या खोलीतले आठ तास

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं तर त्यात माझ्या आईला आणलं नसतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुवार होता. असल्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. माझ्यासोबत जे झालं ते सकाळी अकरा ते संध्याकाळी सात ह्या वेळात झालं. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारच्या शाळेची मधली सुट्टी झाली असेल, पोरं ओरडत असतील. मला त्यातलं काहीही ऐकू आलं नाही.

कारण मी आत होते.

जरा आधीपासून सांगते, नाहीतर डोक्यावरून जाईल.

मी शिवणकाम करते. आधी आई करायची. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर सिस्टर लोकांचा जुना मठ आहे. त्यांचे झगे, चर्चमधल्या वेदीची वस्त्रं, सगळं आमच्याकडेच शिवलं जातं.

त्या मठाच्या तळघरात एका खोलीत मोठ्या सिस्टर आहेत.

मठ त्यांनी सुरू केला. त्यांना जाऊन सव्वाशे वर्षं झाली. पुढे पन्नास वर्षांनी थडगं हलवायचं म्हणून उघडलं, तर पेटी कुजलेली, कपडे कुजलेले, आणि देह मात्र जसाच्या तसा. आम्हा कॅथोलिक लोकांत काही संतांचे देह असे सापडले आहेत. मग चर्चची माणसं येऊन तपासतात, नोंद करतात आणि देह काचेच्या पेटीत ठेवतात. डॉक्टर म्हणतात माती कोरडी असली की होतं असं कधीकधी. सिस्टर म्हणतात देवाची कृपा. मी शिंपीण. मला विचाराल तर मी म्हणेन, छातीचं माप चौतीस.

हसू नका. ते माप आईने घेतलं होतं.

दर पंचवीस वर्षांनी ती पेटी उघडतात, देह पुन्हा तपासतात आणि कपडे बदलतात. मागच्या खेपेला ते काम आईने केलं होतं. ह्या खेपेला माझ्यावर आलं.

आणि नेमकी तेव्हाच आई अंथरुणाला खिळलेली. शेवटचे दिवस होते, आम्हाला माहीत होतं. बुधवारी रात्री डॉक्टर दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "आता दिवस नाही, तास मोजा."

मी म्हटलं, मी नाही जात. सांगून टाकते दुसरी कुणीतरी बघा म्हणून.

आई भडकली. आवाज उरला नव्हता, तरी भडकली. "बिशपांनी दिलेली तारीख आहे. मोठ्या सिस्टरला काय उघडं ठेवणार आहेस? जा. मुकाट्याने जा."

"आणि तू?"

"मी कुठे पळून चाललेय? बारापर्यंत ये परत. तोवर थांबते."

"नक्की?"

"नक्की गं बाई. जा आता, डोकं नको खाऊ."

दादा आणि वहिनी तिच्यापाशी होते. मी तिच्या पायांना मलम चोळलं, निलगिरीचं, तिला त्याशिवाय चैन पडायचं नाही. आणि निघाले. बारापर्यंत येते म्हणून.

आत आम्ही पाच जण गेलो. बिशपांनी पाठवलेले फादर, तपासणारे डॉक्टर, काच काढणारा कारागीर, मठाच्या मुख्य सिस्टर आणि मी. दारातच बाकावर एक टोपली होती. फोन, घड्याळ, पिशवी, सगळं त्यात काढून ठेवायचं. मग प्रत्येकाला पांढरा गाऊन, टोपी, मास्क आणि हातमोजे. आपला श्वास देहाला लागू नये म्हणून. एकमेकांचे फक्त डोळे दिसत होते. कारागीर म्हणाला, "ताई, आता आपण सगळे एकाच आईची लेकरं दिसतो." मुख्य सिस्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा मास्कच्या दोऱ्या आवळायला लागला.

आत जाण्याआधी शपथ घ्यावी लागते. देहावरचं काहीही बाहेर नेणार नाही, अगदी एक धागासुद्धा. लोक जपून ठेवायला असल्या वस्तू पळवतात ना, म्हणून. बाहेर पडताना फादर दारात उभे राहतात, हातमोजे काढायला लावतात, दोन्ही तळवे तपासतात आणि मोजतात, सुरुवात स्वतःच्याच हातांपासून. जितके आत तितके बाहेर. मग दार बंद. त्याच्यावर फीत आणि लाल लाखेचं सील. बिशपांच्या परवानगीशिवाय ते कुणी तोडायचं नाही, अगदी मुख्य सिस्टरांनीसुद्धा.

खोली लहान. दहा पावलं लांब, सात पावलं रुंद. खिडकी नाही. लोखंडी दाराच्या कडांना रबर लावलेलं, बाहेरची हवा येऊ नये म्हणून. कोपऱ्यात हवेतला ओलावा शोषणारं मशीन घरघरत होतं. दाराला आतून कडी नव्हती. आत राहणाऱ्यांना ती कशाला लागते म्हणा.

कारागिराने आठ स्क्रू काढले आणि काच उचलली.

मी पहिल्यांदाच त्यांना इतक्या जवळून पाहिलं. काळवंडलेली कातडी, मिटलेले डोळे, लहानसं नाक. भीती वाटली नाही. खरं सांगते, मला आईच दिसत होती तिथे. झोपेत तीही आता तशीच दिसायची. डोळे भरून आले आणि मास्क ओला झाला.

असा देह उचलून कपडे घालता येत नाहीत. झगा मागून उघडाच शिवायचा. वरून पसरायचा, कडा अंगाखाली सारायच्या, टाचण्या लावायच्या, मग जागेवर टाके घालून टाचण्या काढून घ्यायच्या. मी चाळीस टाचण्या मोजून नेल्या होत्या. फादर माणसं मोजतात, मी टाचण्या मोजते. ही आईची शिस्त.

काम झालं. बाह्या मनगटापर्यंत नीट ओढल्या, हात छातीवर ठेवले. डॉक्टरांनी मान डोलावली. कारागिराने काच बसवून आठही स्क्रू आवळले.

मी टाचण्या मोजल्या.

एकोणचाळीस.

पुन्हा मोजल्या. एकोणचाळीसच.

टाचणी देहावर राहिली असेल तर सगळं पुन्हा उघडायचं, आणि तेही बिशपांच्या माणसासमोर. आईचं नाव गेलं असतं. सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात चबुतऱ्यामागे काहीतरी चमकलं. पेटीखालचा दगडी चबुतरा आणि भिंत ह्यांच्यात हातभर जागा होती. म्हटलं, कुणाला कळायच्या आत उचलून येऊ. कुणालाच काही न बोलता मी गुडघ्यांवर बसले आणि त्या फटीत शिरले.

तिथेच चुकले. एक शब्द बोलले असते तर...

मशीन कानाशी घरघरत होतं. टाचणी फरशीच्या चिरेत अडकली होती, हातमोज्यातल्या नखाने निघेना. दाराकडून फादरांचा आवाज येत होता.

"एक."

पावलं.

"दोन."

टाचणी हलली.

"तीन... चार..."

निघाली! मी ती मुठीत धरली आणि मागे सरकायला लागले. आता "चार" नंतर ते थांबतील, मला हाक मारतील, मुख्य सिस्टर दोन शब्द सुनावतील. सुनावू देत.

फादर थांबले नाहीत.

"...पाच."

मी तशीच गुडघ्यांवर राहिले. पाच? पाच कसे? पाचवी तर मी...

दिवा गेला. त्याचं बटण बाहेर होतं.

दार लागलं.

"फादर!" मी ओरडले. "अहो, मी आत आहे!"

धडपडत दारापाशी गेले, दोन्ही हातांनी ठोकलं. जाड लोखंड. माझ्याच हातांचा आवाज मला नीट ऐकू येत नव्हता. गाऊन फाडल्यासारखा काढला, टोपी आणि मास्क फेकले आणि घसा फुटेस्तोवर ओरडले. बाहेर ते लाख तापवत असतील, सील लावत असतील. दोन फुटांवर.

कुणी आलं नाही.

किती वेळ ठोकलं माहीत नाही. हात सुजले. मग खाली बसले.

मशीनवर एक हिरवा दिवा होता, करंगळीच्या नखाएवढा. तेवढाच उजेड. मी स्वतःची समजूत घातली. टोपलीत माझी पिशवी आहे, फोन आहे. मुख्य सिस्टरांना ती दिसेल. दोन मिनिटांत दार उघडेल.

दोन मिनिटं झाली. वीस झाली असतील.

मग दुसरा विचार आला. ह्या खोलीत हवा येते कुठून? येऊच नये म्हणून तर रबर लावलंय.

मी श्वास हळू घ्यायला लागले. मूर्खपणा होता, पण सुचेना दुसरं काही. आणि सारखी आई डोळ्यांसमोर. बारा वाजले असतील का? तिचे डोळे दाराकडे लागले असतील. 'थांबते' म्हणाली होती. माझी आई दिलेला शब्द पाळणारी होती, मरणाच्या बाबतीतसुद्धा पाळेल असं मला वाटत होतं. पण किती थांबणार? मी रडले. देवाला शिव्या दिल्या. मग मोठ्या सिस्टरांना दिल्या. म्हटलं, "तुम्हाला सव्वाशे वर्षं काही होत नाही. तिला एक दिवस दिला असता तर काय बिघडलं असतं?"

आणि तेव्हा मी पेटीकडे पाहिलं.

हिरव्या उजेडात काच दिसत होती. काचेच्या आत उशी दिसत होती. उशीला मधोमध खळगा पडलेला.

आणि खळग्यात...

काहीच नव्हतं.

मी डोळे चोळले. उठले. दोन पावलं पुढे गेले. काचेवर हात ठेवला, तोंड जवळ नेलं. पांढरी उशी दिसते, पांढरी चादर दिसते, मग मी पंधरा दिवस खपून शिवलेला पांढरा झगा का दिसत नाही?

मी स्क्रू चाचपले. एक, दोन, तीन... आठही जागेवर. आठही घट्ट.

मागच्या मागे सरकत दाराला पाठ लावली. दार उघडत नाही. काच उघडलेली नाही. मग त्या...

"पाच."

फादरांचा तो आवाज पुन्हा कानात आला.

त्यानंतर पेटीकडे पाहिलं नाही. गुडघ्यांत डोकं घालून बसले. मध्येच मशीन बंद पडायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं. बंद पडलं की फक्त माझा श्वास. एकच श्वास. खोलीत आपण दोघी आहोत ह्या भीतीने माणूस वेडं होईल. मी एकटीच आहे ह्या भीतीने झाले होते.

तहानेने घसा सुकला. अंग घामाने थबथबलं. कधीतरी डोळा लागला असावा.

जाग आली ती वासाने.

संतांच्या देहाला सुगंध येतो म्हणतात. गुलाबाचा येतो, चमेलीचा येतो. मला आला तो...

निलगिरीच्या मलमाचा.

आमच्या घरातला वास. आईच्या पायांचा. माझ्या बोटांना सकाळी होता, पण मी तीनदा साबणाने हात धुऊन, हातमोजे घालून आत आले होते. आणि वास माझ्या बोटांना नव्हता. पेटीकडून येत होता.

मी मान वर केली. काच धुरकट झाली होती. हात लावून पाहिला. बाहेरून कोरडी होती, वाफ आतून धरली होती.

आत काहीतरी पांढरं दिसत होतं.

मी किंचाळलेही नाही. किंचाळायला त्राण लागतं.

तेवढ्यात दार उघडलं. दिवा लागला. दारात फादर, मुख्य सिस्टर आणि मठाचा वीजवाला. मला पाहून वीजवाल्याच्या हातातला पाना खाली पडला.

मला वाचवलं माझ्याच श्वासाने. पाच वाजता वरच्या खोलीतल्या यंत्राने इशारा दिला होता, तळघरात ओलावा वाढतोय म्हणून. बंद खोलीत ओलावा कुठून येणार? त्यांना वाटलं मशीन बिघडलं. सील तोडायला बिशपांची परवानगी येईपर्यंत सात वाजले.

"तू आत कशी?" मुख्य सिस्टर म्हणाल्या. मोठ्याने नाही. अगदी हळू.

"तुम्ही मला ठेवून गेलात!"

"मी पाच मोजले," फादर म्हणाले. "दहा हात तपासले. शेवटचे तुमचे होते. थंडगार होते, म्हणून लक्षात राहिलं."

"तोंड पाहिलंत?"

"मी हात पाहतो, बाई. तोंडावर तर मास्क होता." मग म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं, शिवणाऱ्या बाईच्या बोटांना सुईचा एक टोचा कसा नाही..."

मी पेटीकडे पाहिलं. मोठ्या सिस्टर होत्या तिथेच होत्या. डोळे मिटलेले, हात छातीवर. फक्त...

बाह्या.

मी मनगटापर्यंत ओढलेल्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. दोन घड्या घालून, नीट. कामाला बसताना बायका दुमडतात तशा.

टोपली रिकामी होती. "तूच तर पिशवी घेऊन गेलीस," मुख्य सिस्टर म्हणाल्या.

मी धावत सुटले. फाटकापाशी तो काच काढणारा कारागीर भेटला, त्यालाही परत बोलावून घेतलं होतं. मला पाहून म्हणाला, "ताई, परत आलात? आई कशी आहे? सकाळी घरापाशी सोडलं तुम्हाला, तर पुढे काही विचारताच आलं नाही. आणि एक सांगू का, गाडीवर मागे कुणी बसलंय असं वाटतच नव्हतं. जेवत जा हो जरा."

मी तशीच पुढे धावले.

घरात माणसंच माणसं होती. मी उंबऱ्यातच समजले.

आई चार वाजता गेली होती.

मला वाटलं दादा माझ्या अंगावर धावून येईल. कुठे होतीस म्हणून विचारेल. दादाने मला जवळ घेतलं. "किती वेळ मागच्या खोलीत एकटी रडत बसलीस गं? बरं झालं बाहेर आलीस. तू होतीस म्हणून तिचं सोपं झालं."

वहिनी येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती. "साडेअकराला आली. तो मठातला पांढरा गाऊन, टोपी, मास्क, सगळं तसंच. कपडे बदलायलाही थांबली नाही. चकार शब्द बोलली नाही, बाह्या वर केल्या आणि आईंच्या पायांना मलम चोळत बसली. चार वाजेपर्यंत जागची हलली नाही. लेक असावी तर अशी."

माझी पिशवी खुंटीला टांगलेली होती. फोन पिशवीत होता.

मी तिथेच सांगायला हवं होतं की ती मी नव्हे. पण आई समोर होती, तिचा चेहरा शांत होता आणि दादा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. मी गप्प बसले. आजपर्यंत गप्पच आहे. फादरांनी त्या दिवशीच्या नोंदीत काय लिहिलं, कुणास ठाऊक. आत गेले पाच, बाहेर आले सहा, असं कोण लिहील? कारागिराने मठाचं काम सोडलं एवढं कानावर आलं. आणि मला नातेवाइकांत मान मिळतो. आईचं शेवटचं हिनेच केलं म्हणून. दर वेळी ते ऐकलं की मला त्या खोलीत दार लागल्यासारखं होतं. ओरडावंसं वाटतं, आणि ओरडता येत नाही.

इतकंच असतं तर मी मनाची समजूत घातली असती. म्हटलं असतं, आई एकटी नव्हती, झालं तर.

पण दफनानंतर आठ दिवसांनी दादा माझ्यापाशी येऊन बसला. वहिनी नव्हती तेव्हा.

"एक विचारू?" तो म्हणाला. "शेवटी आईला भ्रम झाला होता का गं?"

"का?"

"शेवटी तू तिच्या उशाशी सरकलीस, पाठमोरी होतीस, मला तुझं तोंड दिसत नव्हतं. आईने हात वर केला आणि तुझा मास्क खाली ओढला. बराच वेळ बघत राहिली. मग अगदी स्पष्ट म्हणाली, 'माझी लेक कुठे ठेवलीस?' तुलाच! तू समोर बसलेली असताना."

"मग?"

"मग काय, तू वाकलीस आणि तिच्या कानात काहीतरी बोललीस. पूर्ण दिवसात तेवढंच बोललीस. आई जरा हसली. 'बरं' म्हणाली. आणि गेली."

दादाने माझा हात हातात घेतला.

"काय सांगितलंस गं तू तिला?"

तो अजूनही विचारतो. मी म्हणते, आठवत नाही.